विराम, स्थगिती आणि आभासी यंत्र

'थांबणे' हे मराठीतील एक फसवे क्रियापद आहे. गाडी सिग्नलला थांबते, पाऊस थांबतो, पगार थांबतो, ठरलेले लग्न थांबते. आणि या प्रत्येक थांबण्यात पुढे काय होणार याविषयीची अपेक्षा निराळी असते. सिग्नलला थांबलेल्या गाडीचे इंजिन धडधडत असते, थांबलेला पाऊस पुन्हा येईलच असे नसते. व्यवहारात संदर्भ उरलेला अर्थ पुरवतो, त्यामुळे आपले फारसे अडत नाही. परंतु जेथे शब्द हीच आज्ञा असते आणि ती पाळणारा संदर्भ जाणत नाही, तेथे थांबण्याचे प्रकार वेगळे करून त्यांना नावे द्यावीच लागतात. घरच्या किंवा कचेरीतल्या संगणकावर 'व्हर्च्युअल मशीन' चालवणाऱ्याला अशा दोन आज्ञा रोज भेटतात : 'पॉज' आणि 'सस्पेंड'. दोन्हींचा परिणाम पडद्यावर सारखाच दिसतो. चित्र गोठते. पण या दोन गोठण्यांमध्ये जे अंतर आहे, त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास बऱ्याच अंशी शब्दांच्या गोंधळाचाही आहे. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांसमोर तो मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

प्रथम थोडी परिभाषा. व्हर्च्युअल मशीनला मराठीत 'आभासी यंत्र' म्हणण्याची पद्धत रूढ झाली आहे. आम्हांला ती फारशी पटत नाही, कारण आपल्या परंपरेत आभास म्हटले की रज्जुसर्प आठवतो. दोरीवर भासणारा साप चावत नाही. हे यंत्र मात्र खरेखुरे हिशेब करते, मजकूर जुळवते, पत्रे पाठवते. 'व्हर्च्युअल' या शब्दात येथे अभिप्रेत आहे ते 'कार्यतः तेच' असणे. एका खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, ज्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क आहे असे वाटते, तो म्हणजे आभासी यंत्र. बाहेरच्या संगणकाला 'यजमान' आणि आतल्या प्रणालीला 'पाहुणा' म्हणण्याचा प्रघात इंग्रजीत आहे, तो मराठीतही सहज बसतो. रूढ झालेला शब्द बदलणे आमच्या हाती नाही, म्हणून पुढे तोच वापरतो.

आता दोन थांबणी. बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर आला असताना खेळाडूंना उठावे लागले, तर दोन मार्ग असतात. पट आहे तसा टेबलावर ठेवून चहाला जायचे, किंवा प्रत्येक सोंगटी कोणत्या घरात आहे ते कागदावर टिपून पट आवरून ठेवायचा. स्पर्धांमध्ये डाव दुसऱ्या दिवसावर जाई तेव्हा दुसरी रीत वापरीत. पुढची चालसुद्धा पाकिटात सीलबंद करून पंचांकडे देत. पहिल्या मार्गात परत येऊन बसले की डाव त्याच क्षणी सुरू होतो, मात्र तोवर टेबल अडलेले राहते आणि कोणाचा धक्का लागला तर सगळे संपते. दुसऱ्यात टेबल मोकळे होते, धक्क्याची भीती नसते, पण टिपायला आणि पुन्हा मांडायला वेळ लागतो. संगणकाची रॅम म्हणजे ते टेबल, आणि डिस्क म्हणजे तो कागद. आभासी यंत्राला प्रोसेसरचा वेळ देणे बंद करून त्याची सारी अवस्था रॅममध्ये तशीच राहू देणे, याला या लेखात आम्ही 'विराम' म्हणू. तीच अवस्था, म्हणजे मेमरीतील सर्व मजकूर, प्रोसेसरमधील तात्पुरत्या नोंदी आणि जोडलेल्या उपकरणांची स्थिती, डिस्कवरील फायलीत उतरवून रॅम मोकळी करणे, याला 'स्थगिती' म्हणू. सॉफ्टवेअरचे निर्माते त्यांना काय म्हणतात हा निराळा प्रश्न आहे, आणि गंमत तेथेच आहे.

चालू काम मध्येच थांबवून पुढे नेता यावे, ही गरज आभासी यंत्रांहून जुनी आहे. १९५० च्या दशकात संगणक एकेका कामाचा गठ्ठा घेऊन बसे. एक काम संपल्याशिवाय दुसरे सुरू होत नसे. जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या प्रारंभी एमआयटीतील आपल्या सहकाऱ्यांना एक टिपण लिहून अनेकांनी एकच संगणक वाटून घेण्याची कल्पना मांडली. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने ती प्रत्यक्षात आणली, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये 'सीटीएसएस' या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक झाले. आयबीएम ७०९ या यंत्राशी चार जण एकाच वेळी संवाद साधत होते. प्रत्यक्षात यंत्र एका वेळी एकाचेच काम करी. एकाचा वेळ संपला की त्याचे काम जसेच्या तसे चुंबकीय फितीवर उतरवले जाई आणि दुसऱ्याचे वर आणले जाई. प्रत्येकाला मात्र यंत्र आपलेच आहे असे वाटे. म्हणजे ज्याला आज आपण स्थगिती म्हणतो ती क्रिया तेथे वापरणाऱ्याच्या नकळत सतत घडत होती. तो अखंड चालत असल्याचा अनुभव घेत होता, आणि तो अनुभव असंख्य थांबण्यांनी विणलेला होता.

याच प्रणालीत पुढे दोन आज्ञा होत्या, 'सेव्ह' आणि 'रिझ्यूम'. चालू कार्यक्रम थांबवून 'सेव्ह' म्हटले की मेमरीचे चित्र फायलीत उतरे. नंतर केव्हाही 'रिझ्यूम' म्हटले की तो कार्यक्रम होता तेथून पुढे चालू होई. नकळत घडणारी क्रिया वापरणाऱ्याच्या हाती आली, ती या दोन आज्ञांनी. आपण आज 'सेव्ह कर' असे जे मराठी वाक्य सर्रास बोलतो, त्यात जतन होतो तो लिहिलेला मजकूर; येथे जतन होत होते ते लिहिण्याच्या मधोमध अडकलेले यंत्र. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

सीटीएसएसवर काम केलेले रॉबर्ट क्रीसी पुढे आयबीएमच्या केंब्रिज वैज्ञानिक केंद्रात गेले. १९६४ साली स्थापन झालेले हे केंद्र मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे, एमआयटीच्या शेजारीच होते. क्रीसी आणि लेस कोमो यांनी तेथे जो मार्ग निवडला तो धाडसी होता. एका यंत्रावर अनेकांचे कार्यक्रम चालवण्याऐवजी प्रत्येकाला एक संपूर्ण यंत्रच द्यावे, अर्थात खोटे, असा तो विचार. 'सीपी-४०' ही त्यांची प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यावर १४ आभासी यंत्रे चालवता येत. तिच्या वंशातली 'व्हीएम/३७०' आयबीएमने ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर केली. या प्रणालीत टर्मिनलवरची एक विशिष्ट कळ दाबली की वापरणारा आपल्या आभासी यंत्रातून बाहेर येऊन त्याच्या नियंत्रकाशी बोलू लागे आणि ते यंत्र तोवर थांबून राही. मग 'बिगिन' ही आज्ञा दिली की ते पुढे चालू लागे. 'बिगिन' म्हणजे आरंभ! मध्ये थांबलेल्या यंत्राला पुढे चालवण्यासाठी आरंभाचा शब्द वापरावा हे आज विचित्र वाटते. परंतु विरामानंतरच्या चालण्याला स्वतःचे नाव लागते याची जाणीव भाषेला उशिराच होते. मराठीतही 'पूर्वसूत्रावरून पुढे' असे दोन शब्द खर्चावेच लागतात.

यानंतरचा काळ आपल्या विषयापुरता भरभर ओलांडता येतो. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखादे यंत्र आभासी रूपात केव्हा उभे करता येते याच्या अटी काटेकोर भाषेत मांडल्या. मग वैयक्तिक संगणक आले. प्रत्येकाच्या टेबलावर खरेच यंत्र आल्यावर खोट्याची गरज कोणाला वाटणार? शिवाय इंटेलच्या ज्या घराण्यातील प्रोसेसर जगभर पसरले, ते पोपेक-गोल्डबर्ग यांच्या अटींत बसत नव्हते. पेंटियममधील १७ सूचना त्या अटी मोडतात, असे जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी २००० साली दाखवून दिले.

परंतु याच मधल्या काळात 'सस्पेंड' या शब्दाचे जे झाले, ते सांगितल्याशिवाय पुढचा घोळ कळणार नाही. युनिक्स प्रणालीच्या बर्कले शाखेत चालू कार्यक्रम कंट्रोल आणि झेड या दोन कळांनी थांबवण्याची सोय आली. ती मुळात ऑस्ट्रियातील एका संशोधनसंस्थेत जिम कल्प यांनी रचली होती. कळा दाबल्या की 'सी शेल' हा आज्ञावाचक पडद्यावर 'सस्पेंडेड' असे छापी. पुढे लोकप्रिय झालेला 'बॅश' त्याच जागी 'स्टॉप्ड' छापतो. क्रिया एकच, निवाडे दोन. आणि या 'सस्पेंड'मध्ये डिस्कवर काही लिहून ठेवण्याचे वचन मुळीच नव्हते. १९९० च्या दशकात मांडीवरचे संगणक आले आणि बॅटरी वाचवण्यासाठी संपूर्ण यंत्रच झोपवण्याची गरज निर्माण झाली. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' हा संकेत प्रसिद्ध केला. त्यात झोपेच्या पायऱ्यांना क्रमांक आहेत. तिसरीत अवस्था रॅममध्ये राहते, चौथीत डिस्कवर उतरते. लिनक्सच्या जगात 'सस्पेंड' एवढेच म्हटले तर बहुधा तिसरी पायरी समजतात. चौथीला 'हायबरनेट' हे निराळे नाव आहे. विंडोजने तिसरीला आधी 'स्टँडबाय' आणि व्हिस्टापासून 'स्लीप' म्हटले. एवंच, १९९० च्या दशकाअखेरीस सर्वसाधारण वापरणाऱ्याच्या मनात 'सस्पेंड' म्हणजे हलकी झोप, वीज गेली तर मोडणारी, असा अर्थ घर करून होता.

नेमक्या याच वेळी आभासी यंत्र पुन्हा अवतरले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एदुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी १९९७ साली 'डिस्को' या प्रणालीवरील निबंध प्रसिद्ध केला. हे तिघे, डायान ग्रीन आणि एडवर्ड वाँग अशा पाच जणांनी १९९८ मध्ये 'व्हीएमवेअर' ही कंपनी काढली, आणि १९९९ मध्ये तिचे 'वर्कस्टेशन' बाजारात आले. इंटेलच्या त्या आडमुठ्या सूचनांवर त्यांनी भाषांतराचा उपाय काढला होता. पाहुण्याने दिलेली सूचना घातक असेल तर चालता चालताच तिचे निरुपद्रवी सूचनांत रूपांतर करायचे. (भाषांतरकाराच्या सोसण्याचा असा उपयोग झालेला पाहून आम्हांला अंमळ बरे वाटले.) या सॉफ्टवेअरात 'सस्पेंड' म्हणजे डिस्कवर उतरवणे होते. अवस्थेची एक फाईल बने, तिच्या नावाला 'व्हीएमएसएस' हे शेपूट असे. ही संपूर्ण स्थगिती. यजमान संगणक बंद केला, दुसऱ्या दिवशी सुरू केला, तरी पाहुणा अर्धवट टंकलेल्या शब्दासह परत येई. शब्द जुना, पण वचन पूर्वीपेक्षा फार मोठे.

विराम मात्र या सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षे मागाहून आला. २००९ च्या सातव्या आवृत्तीत 'पॉज' ही स्वतंत्र आज्ञा दिसू लागली. हा उलटा क्रम प्रथमदर्शनी कोड्यात टाकतो. हलके ते आधी, जड ते नंतर, असे आपण गृहीत धरतो. पण कारण साधे आहे. एकच पाहुणा असेल तर त्याला तात्पुरते थांबवण्याचे प्रयोजन फारसे उद्भवत नाही. खिडकी मागे सारली की पुरते. रॅम स्वस्त झाली, एकाच टेबलावर तीन-चार पाहुणे राबू लागले, आणि एखाद्या घाईच्या कामासाठी प्रोसेसर क्षणभर मोकळा करून हवा झाला, तेव्हा विरामाला अर्थ आला. विराम प्रोसेसर सोडतो, रॅम सोडत नाही. स्थगिती दोन्ही सोडते आणि बदल्यात डिस्कवर जागा अडवते. निलंबित कर्मचारी कामावर नसतो, पण निर्वाह भत्ता घेत असतो, तसेच हे. किती जागा? ढोबळमानाने पाहुण्याला जेवढी रॅम दिली असेल तेवढी. ५१२ मेगाबाइटांच्या पाहुण्यापुढे त्या काळच्या हार्ड डिस्कला दहा-पंधरा सेकंद झटावे लागे.

इतरांनी नावे कशी ठेवली हे पाहणे मौजेचे आहे. जर्मनीतील इनोटेक कंपनीने जानेवारी २००७ मध्ये खुले केलेले, पुढे सन आणि २०१० पासून ओरॅकल यांच्याकडे गेलेले 'व्हर्च्युअलबॉक्स' विरामाला 'पॉज' म्हणते आणि स्थगितीला 'सेव्ह स्टेट', म्हणजे अवस्था जतन करणे. आमच्या मते सर्वांत प्रामाणिक नामकरण हेच, कारण काय होते आणि कशाचे होते ते दोन्ही त्यात आले. लिनक्सवरील 'लिबव्हर्ट' या साधनात 'सस्पेंड' म्हणजे विराम आणि 'सेव्ह' म्हणजे स्थगिती. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये तर एकाच उत्पादनात दोन बोली नांदतात. माउसने निवडायच्या यादीत विरामाला 'पॉज' म्हटले आहे, आणि तीच क्रिया टंकून करायची तर आज्ञेचे नाव 'सस्पेंड-व्हीएम' असे आहे. एका घरी 'सस्पेंड' केलेले यंत्र वीज गेली तरी सुखरूप राहते, दुसऱ्या घरी त्याच शब्दाने थांबवलेले यंत्र वीज गेल्याबरोबर नाहीसे होते. पर्यायी शब्दांच्या छटांवर वर्गात आम्ही पुष्कळ बोलतो, परंतु एका छटेने इतके नुकसान होण्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

नुकसान हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. मराठीच्या अभ्यासकांचा या विषयाशी जो संबंध येतो तो जुन्या टंकांमुळे. युनिकोड रुळण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे, मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या आपापल्या टंकांत जुळवला जाई. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. टंक नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन चुरा दिसतो. नियतकालिकांचे अंक, स्मरणिका, प्रबंध, शब्दसूची, असे कितीतरी साहित्य त्या रूपात अडकून पडले आहे, आणि ते जुळवणारी सॉफ्टवेअरे आजच्या प्रणालींवर बऱ्याचदा चालत नाहीत. आमच्या विभागाच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांची अशीच गत होती. उपाय म्हणून एका संगणकावर आभासी यंत्रात जुनी विंडोज बसवली, तिच्यात ते जुळवणीचे सॉफ्टवेअर बसवले, आणि एकेक अंक उघडून, तपासून, युनिकोडमध्ये आणण्याचे काम सुरू केले. रूपांतराची साधने जोडाक्षरांत आणि रफारांत घोटाळे करतात, म्हणून प्रत्येक पान मूळ पानाशेजारी ठेवून वाचावे लागे. तास संपवून आलेला अध्यापक थोडे पुढे नेई आणि दुसऱ्या तासाला जाई. मधल्या वेळेत यंत्र थांबवलेले असे.

ते भारनियमनाचे दिवस होते. एके दुपारी वीज गेली, जुन्या यूपीएसने काही मिनिटांत मान टाकली, आणि विरामात असलेला पाहुणा गेला. डिस्कवर जे आधीच जतन झाले होते ते राहिले. त्या दुपारच्या सुमारे वीस पानांच्या दुरुस्त्या गेल्या. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर जुन्या विंडोजने, आपण नीट बंद झालो नव्हतो अशी तक्रार करीत डिस्क तपासायला घेतली. पाहुण्याच्या दृष्टीने मध्ये विराम वगैरे काही घडलेच नव्हते. कोणीतरी भिंतीतून वायर उपटली, एवढेच त्याला कळले. तीच दुपार स्थगितीत गेली असती तर वीज आल्यावर कर्सर त्याच रफारापाशी लुकलुकत उभा असता.

पाहुण्याला काय कळते, हा प्रश्न आम्हांला या साऱ्यात सर्वांत आकर्षक वाटतो. विरामात काय किंवा स्थगितीत काय, आतल्या प्रणालीला आपण थांबल्याची जाणीव नसते. दोन सूचनांच्या मध्ये एक निमिष गेले की एक वर्ष, हे तिला आतून सांगता येत नाही. लोककथेतला झोपाळू माणूस जागा होऊन जुन्या राजाचे नाणे बाजारात पुढे करतो, तसे होते. तिचे घड्याळ मागे पडते, आणि यजमानाकडून ते दुरुस्त करून घेण्यासाठी आत एक लहानसे सॉफ्टवेअर ठेवावे लागते. मध्यंतरी दूरच्या संगणकाशी बोलणे चालू असेल, तर पलीकडचा वाट पाहून निघून गेलेला असतो. यापेक्षा गंभीर प्रकार थॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी २०१० साली दाखवला. एकाच जतन केलेल्या अवस्थेतून यंत्र दोनदा जागे केले, तर गुप्त संवादासाठी ते जे 'यादृच्छिक' अंक निवडते ते दोन्ही वेळा तेच येऊ शकतात, आणि त्यावरून गुप्त किल्लीचा सुगावा लागू शकतो. योगायोगसुद्धा अवस्थेबरोबर गोठतो! शिवाय स्थगितीच्या फायलीत मेमरीतले सारेच उतरते. त्या क्षणी मेमरीत असलेला परवलीचा शब्ददेखील तिच्यात असू शकतो, ही गोष्ट सामायिक संगणकावर काम करणाऱ्यांनी विसरू नये.

स्थगितीतून आणखी एक शक्यता निघाली, ती प्रवासाची. अवस्था कागदावर टिपली गेली की तो कागद दुसऱ्या गावी नेता येतो. मायकेल कोझुक आणि महादेव सत्यनारायणन यांनी २००२ साली 'इंटरनेट सस्पेंड/रिझ्यूम' ही कल्पना मांडली. घरी यंत्र स्थगित करावे, त्याची अवस्था जाळ्यावरून जावी, आणि कचेरीतल्या दुसऱ्याच संगणकावर ते होते तेथून उठावे. संगणक बरोबर नेण्याचे कारण नाही, नुसते आपले अर्धवट काम माणसाच्या आधी पोचेल. त्यानंतर २००५ साली क्रिस्टोफर क्लार्क आणि सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधील केंब्रिज येथे, चालते यंत्रच एका यजमानाकडून दुसऱ्याकडे नेण्याची रीत सांगितली. यंत्र चालू असतानाच त्याची मेमरी पलीकडे उतरवत राहायची, आणि अखेरीस जे थोडे उरेल तेवढ्यासाठी ते क्षणभर थांबवायचे. हा विराम त्यांनी ६० मिलिसेकंदांइतका लहान करून दाखवला. डोळ्याची पापणी मिटून उघडायलाही याहून अधिक वेळ लागतो. विराम आणि स्थगिती हे दोन शेजारी येथे एकमेकांच्या कामास आले. अवस्था पलीकडे उतरवणे हे स्थगितीचे काम, ते झाकून नेणारा विराम.

मराठी गद्याच्या इतिहासाशी याचे एक अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. मोडीत तर शब्द तोडण्याचीही चाल नव्हती, लेखणी ओळभर धावे. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. अल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही उतरंड थांबण्याच्या कालावधीवर उभी आहे, वाचकाने किती वेळ श्वास घ्यावा यावर. यंत्राच्या विरामाची उतरंड कालावधी मुळीच मोजत नाही. स्थगिती मिनिटभराची असू शकते आणि विराम आठवडाभराचा. तेथे मोजतात ते एवढेच की थांबलेले वाक्य कोठे ठेवले आहे. 'पॉज'चे भाषांतर 'अल्पविराम' आणि 'सस्पेंड'चे 'अर्धविराम' करण्याची सूचना आमच्या एका सहकाऱ्याने केली होती. ती ऐकायला गोड असली तरी याच कारणाने नाकारावी लागली. त्यापेक्षा विधिमंडळाची भाषा जवळची वाटते. बैठक तहकूब होते, अधिवेशन संस्थगित होते. आणि अधिवेशन संस्थगित झाले म्हणून प्रलंबित विधेयके रद्द होत नाहीत, असे राज्यघटनेने स्पष्टच सांगून ठेवले आहे. थांबताना काय टिकते, हे तेथे शब्दाबरोबरच ठरवून दिलेले असते.

पण टिकणे हे किती काळ? येथे ग्रंथालये आणि संग्रह यांचा संबंध येतो. एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांचे कागदपत्र घेतले तेव्हा त्यांत त्यांचे संगणकही होते. त्यांतील एका मॅकिंटॉश परफॉर्मा ५४०० चे वातावरण सॉफ्टवेअरने जसेच्या तसे उभे करून २०१० मध्ये ते अभ्यासकांना खुले करण्यात आले. लेखकाची घड्याळे, फोल्डर, टिपणे त्याने ठेवली त्या मांडणीत पाहता येतात. वर उल्लेखिलेल्या सत्यनारायणन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात 'ऑलिव्ह' या नावाने जुनी सॉफ्टवेअरे आभासी यंत्रांच्या रूपात जपण्याचा प्रकल्प उभारला. हे वाचून कोणालाही वाटेल की आपणही आपले जुने जुळवणी-यंत्र स्थगित करून ती फाईल कपाटात ठेवावी, म्हणजे वीस वर्षांनी ते तसेच उठेल. आमचा सल्ला याच्या उलट आहे. स्थगितीची फाईल ही चालत्या यंत्राचा साचा असते. ती घेतली त्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, यजमानाच्या प्रोसेसरची जात, जोडलेली उपकरणे, यांतले काही बदलले तर ती उठेलच याची खात्री कोणी देत नाही. कंपन्याही हात बदलतात. व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली, आणि 'वर्कस्टेशन'च्या वाटपाच्या अटी पुढच्याच वर्षी दोनदा बदलल्या, सुदैवाने वापरणाऱ्याच्या बाजूने. नीट बंद केलेल्या पाहुण्याची डिस्क मात्र एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात बऱ्यापैकी नेता येते, कारण बंद यंत्राला आपल्या यजमानाची आठवण कमी असते.

व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी बंद करू लागले की ते तीन पर्याय पुढे ठेवते : अवस्था जतन करा, पाहुण्याला बंद होण्याचा निरोप द्या, किंवा वीज तोडा. आमच्या विभागात सध्या रिवाज असा आहे की तासापुरते उठायचे असेल तर पहिला, आठवड्याअखेर दुसरा, आणि तिसरा फक्त पाहुण्याने बोलणे टाकले तर. 'पॉज' यादीत आहे, तो फोन घेण्यापुरता. जुन्या अंकांपैकी निम्म्याहून अधिक युनिकोडमध्ये आले आहेत. उरलेल्यांत दोन अंक असे आहेत की त्यांचे टंक अजून सापडायचे आहेत, आणि ते कोणाच्या जुन्या डिस्कवर असतील तर आम्हांला हवे आहेत.